एकशेवीस दिवसांचं वेबिल

आष्ट्यात येऊन नुसतं ‘चांदसाहेब’ विचारलंत तर लोक चार घरं दाखवतील. ‘चांदसाहेब कंडक्टर’ म्हणालात की मात्र थेट दारापर्यंत आणून सोडतील. चौतीस वर्षं एसटीत काढून हा माणूस चार वर्षांपूर्वी निवृत्त झाला, पण अजून पायरी चढताना मागं वळून बघतो, कुणी खाली राहिलं का म्हणून. इतक्या वर्षांत त्यांचा भरणा एकदाही कमी आला नाही. सुट्ट्या पैशांवरून भांडण नाही, तिकीट चुकवलेल्या म्हातारीला गाडीतून उतरवलं नाही, तिचे पैसे स्वतःच्या खिशातून घातले आणि वर तिलाच रागावले. रागीट होते, पण राग फार टिकायचा नाही. निदान यंदाच्या ऑगस्टपर्यंत तरी टिकला नव्हता.

त्या चौतीस वर्षांतली एकोणीस वर्षं त्यांच्या गाडीवर एकच ड्रायव्हर होता, शेजारच्या गावचा नानासो. ड्युट्या बदलायच्या, डेपो मॅनेजर बदलायचे, पण ही जोडी काही ना काही करून परत एकत्र यायची. आटपाडीला मुक्कामाची गाडी असली की दोघं टपावर अंथरूण टाकायचे आणि एका डब्यात जेवायचे. चांदसाहेबांच्या बायकोच्या, रशीदाभाभींच्या हातची अंड्याची पोळी नानासोला, नानासोच्या घरचा खर्डा चांदसाहेबांना. गाडीच्या कामाची वाटणीही पक्की होती. चाक नानासोचं, कागद चांदसाहेबांचा. तिकिटं, वेबिल म्हणजे फेरीच्या हिशोबाचा तक्ता, डिझेलची नोंद, अपघात झाला तर पंचनामा, एवढंच काय, नानासोच्या रजेचा अर्जसुद्धा चांदसाहेब लिहायचे. नानासो न वाचता सही करायचा. “कागुद म्हंजे कंडक्टरचं काम,” असं म्हणायचा आणि तंबाखू मळायला घ्यायचा.

तर अशा या दोघांच्या गाडीत सात वर्षांपूर्वी साताऱ्याला एक गोरं जोडपं चढलं. कोयनानगरची गाडी. पाठीवर माणसाएवढ्या सॅक, पायात झिजलेल्या चपला, आणि वय म्हणाल तर दोघंही साठीच्या पुढची. चांदसाहेबांच्या मोडक्या इंग्रजीत आणि त्यांच्या मोडक्या हिंदीत कळलं ते एवढं, की म्हातारा आपल्या देशात बसच चालवायचा आणि गेले सात महिने ती दोघं अशीच फिरत होती. बाईनं एक छोटी वही दाखवली. रोजचा खर्च, खोलीभाडं, जेवण, बसभाडं, सगळं ओळीनं लिहिलेलं. चांदसाहेबांनी ती वही उभ्यानंच, घाटाच्या वळणांवर, दांड्याला पाठ टेकून वाचली आणि त्यांना गरगरायला लागलं. घाटामुळं नव्हे. रोजचा खर्च कंडक्टरच्या पगारात बसत होता!

“नान्या,” कोयनानगरला गाडी लागल्यावर ते म्हणाले, “आपुनबी जायाचं.”

“कुठं?”

“परदेशात. बशीनं. दुसऱ्यानं चालवलेल्या बशीत तू अन् मी शेजारी शेजारी बसायचं. सोळा वर्सं एका गाडीत हाय, पर कवा शेजारी बसलोय का आपुन?”

नानासो हसला, पण हो म्हणाला. हात पुढं करून टाळी दिली. लोकांच्या लेखी ती गंमत होती. चांदसाहेबांच्या लेखी तो करार होता.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कामाला सुरुवात केली. दर गुरुवारी संध्याकाळी नानासोच्या सोप्यात बैठक. मोठ्या वहीत त्यांनी वेबिलासारखे रकाने आखले. टप्पा, अंतर, गाडी सुटण्याची वेळ, भाडं, मुक्काम. थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया आणि मलेशियाहून परत. एकशेवीस दिवस. माणशी रोजचे साडेसोळाशे रुपये: खोलीचे हजार, त्यातले प्रत्येकी पाचशे, जेवणाचे सहाशे, प्रवासाचे साडेतीनशे आणि आजारपण-लुबाडणुकीचे दोनशे. लुबाडणूक त्यांनी मुद्दाम धरली होती. “कुठल्याबी स्टँडवर रिक्षावाला रिक्षावालाच असतोय,” असं त्यांचं मत होतं. रात्रीची गाडी पकडली तर खोलीभाडं वाचतं, म्हणून आठवड्याला एक रात्र बसमध्ये. कुठल्या गावात खोलीत चूल मिळते, कुठं हलालचं जेवण मिळतं आणि नानासोला सोमवारी उपासाला काय मिळेल, हेही लिहिलेलं. निवृत्तीच्या पैशातले दोन लाख त्यांनी यासाठी वेगळे ठेवले, आणि विमानाचं भाडं उभं राहावं म्हणून तीन वर्षं साखर कारखान्याच्या काट्यावर हंगामात रात्रपाळी केली. दोघांचे पासपोर्ट त्यांनीच सांगलीला खेटे घालून काढले. नानासोनं नेहमीप्रमाणं न वाचता सह्या केल्या.

यंदाच्या नोव्हेंबरात निघायचं ठरलं होतं.

ऑगस्टमध्ये चांदसाहेबांनी कागदांची शेवटची तपासणी काढली. लाओसचा व्हिसा पासपोर्टचं अख्खं पान खातो, कंबोडियाचाही. म्हणजे कोरी पानं किती आहेत ते मोजून घेतलेलं बरं. त्यांनी नानासोकडं पासपोर्ट मागितला. नानासोनं कपाटातून काढून आणला आणि टीव्हीकडं बघत बघतच त्यांच्या हातात दिला. कागद कंडक्टरचं काम. एकोणीस वर्षांची सवय ती, मन काही झाकायला बघत असलं तरी हात देऊन मोकळा झाला.

घरी येऊन चांदसाहेबांनी चष्मा लावला आणि पानं मोजायला घेतली. सहाव्या पानावर शिक्के होते. मुंबई विमानतळ, बाहेर. हनोई, आत. हनोई, बाहेर. मुंबई, आत. मागच्या वर्षीचा जून, सहा तारखेपासून सोळा तारखेपर्यंत.

त्यांना वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचा पासपोर्ट आला. त्यांनी पहिलं पान उघडलं. नानासोच होता. फोटो काढताना त्याची टोपी यांनीच काढून घेतली होती, म्हणून केस विस्कटलेले.

जून! जूनमध्ये नानासो पुण्याला गेला होता, लेकीच्या बाळंतपणाला. त्याची बायको खरोखर तिथं होती. थोरला मुलगा ऋषिराज खताच्या दुकानात अडकलेला, सून पूजाच्या कडेवर तान्हं पोर, म्हणून “म्हशीकडं बग गड्या धा दिस” असं नानासो सांगून गेला होता. दहा दिवस चांदसाहेब सकाळ-संध्याकाळ मोटारसायकलवर गेले. वैरण टाकली, शेण काढलं, डेअरीला दूध घातलं. पूजानं रोज चहा दिला. मधे एकदा नानासोचा फोनही आला होता, “नातू लय ग्वाड हाय रं” म्हणून. आणि त्यांनी इकडून विचारलं होतं, पुण्यात पाऊस आहे का.

पण खरे खुपले ते नंतरचे गुरुवार. चौदा महिन्यांचे गुरुवार. “तिकडं च्या मिळतोय का रं?” असं नानासोनं विचारलं होतं, आणि चांदसाहेबांनी त्याला अर्धा तास समजावून सांगितलं होतं की तिकडं कॉफी असते, घट्ट गोड दूध घालून, आणि लोक फुटपाथवर बुटक्या स्टुलांवर बसून पितात. नानासो “आसं व्हय?” म्हणाला होता. त्या स्टुलावर बसून, ती कॉफी पिऊन आलेला माणूस “आसं व्हय?” म्हणाला होता! एकट्यानं बसले असतानाही चांदसाहेबांचे कान लाजेनं तापले. पैसे बुडवले असते तर चाललं असतं, पैशाचं काय. पण आपण गोष्टी सांगत होतो आणि समोरचा स्वतःची करमणूक करून घेत होता, हे त्यांना सहन होईना.

ते तसेच उठून नानासोच्या घरी गेले.

“नान्या, तुज्या नातवाचं बारसं हनोईत झालं व्हय रं?”

नानासोच्या हातातली तंबाखू तिथंच राहिली. ताकास तूर लागू न देता सव्वा वर्ष काढलेला माणूस, पण एका प्रश्नात सगळं ओकला.

“ऋषिराजच्या दुकानाला खताच्या कंपनीनं सहल दिली हुती. टारगेट पुरं झालं म्हनून दोन तिकिटं मिळाली. फुकाट हुतं गड्या.”

“दोन?”

“व्हय.”

“दुसरं कुनाला दिलं?”

नानासो खाली बघत म्हणाला, “उदयसिंहरावास्नी. ऋषिराजचं सासरं. व्याह्याचा मान ठेवाय लागतोय. पोरगी दिलीया त्यांनी. त्यास्नी सोडून तुला न्हेलं असतं तर घरात काय ऱ्हायलं असतं?”

या उदयसिंहरावांना चांदसाहेब ओळखत होते. कोल्हापूरपलीकडं गेलं की पोट बिघडतं अशी ज्यांची ख्याती, ते गृहस्थ यांच्या वहीतल्या शेजारच्या जागेवर बसून आले होते.

“मला न्ह्यायचं ऱ्हाऊ दे,” चांदसाहेब म्हणाले. “सांगायचं तरी हुतंस.”

“सांगनार हुतो की. पर आल्यावर तू वही काढलीस, अन् लय रंगात आलतास. म्हनलं, कशाला इरस करा.”

“चवदा म्हयने?”

“आता खरं सांगू का चांद्या? मला धा दिसात कटाळा आला. भाकरीबिगर जेवान जाईना. चार म्हयने मला जमायचं न्हाई. तूच कवातरी कटाळून नाद सोडशील, आसं वाटलं हुतं.” मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, तोंड एकदम उजळलं. “पर तू म्हनत आसलास तर पंधरा दिस येतो की! मी दावतो तुला समदं. आता मला म्हाईत झालंय.”

हे मात्र वर्मी लागलं. चार वर्षं ज्यानं रस्ता आखला त्याला आता हा वाट दाखवणार होता. चांदसाहेबांनी पासपोर्ट खिशातून काढून टीपॉयवर ठेवला.

“तुमचा कागुद तुमी संबाळा, नानासो,” ते म्हणाले.

एकोणीस वर्षं आणि वर चार, इतक्या काळात त्यांनी नानासोला कधी ‘तुमी’ म्हटलं नव्हतं. नानासो दारापर्यंत मागं आला, दोनदा “चांद्या” म्हणाला. चांदसाहेबांनी मोटारसायकलला किक मारली. पहिल्यांदा लागली नाही, दुसऱ्यांदा लागली.

घरी रशीदाभाभी कांदा चिरत होत्या. या घरात एरवी दखनी बोली चालते, पण महत्त्वाचं बोलायचं असलं की दोघं मराठीत येतात, नोकरीनं लावलेली सवय. चांदसाहेबांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज फुटला, डोळे भरले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. केसानं गळा कापला म्हणाले. भाभी ऐकत राहिल्या. त्यांना जरासुद्धा आश्चर्य वाटलेलं दिसेना, आणि तिकिटात खाडाखोड ओळखणाऱ्या माणसाला ते बरोबर दिसलं.

“तुला ठावं हुतं,” ते म्हणाले.

भाभींनी विळी बाजूला सारली. “पूजानं फोटू दावलं हुतं. तिकडच्या नावंत बसल्यालं. गेल्या साली, पंचमीच्या टायमाला.”

“आनी कुनाला?”

“गल्लीत समद्यास्नीच ठावं हाय.”

“मंग मला का न्हाई सांगितलंस?”

भाभी दुष्ट नव्हत्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या, आणि आत्ताही बोलल्या नाहीत. “आवं, तुमी वहीत लय खुशीत आसायचा,” त्या म्हणाल्या. “आनी खरं सांगायचं तर, तुमी जानार न्हाई आसंच समद्यास्नी वाटायचं. आमास्नीबी. मंग सांगून काय करायचं?”

 नानासोच्या वागण्यावर चांदसाहेबांना रडू आलं होतं, यावर आलं नाही. म्हणजे गुरुवारी एक माणूस नव्हे, अख्खा गाव मान डोलवत होता. काट्यावरच्या रात्रपाळीला भाकरी बांधून देणारी बायको, “काय चाचा, कवा उडनार?” म्हणून विचारणारा चहावाला, चहा देणारी पूजा, सगळे मूग गिळून बसले होते, आणि तेही प्रेमानं. लहान पोराच्या हातातली खेळण्यातली गाडी मोठी माणसं जशी हॉर्न वाजवून पुढं जाऊ देतात, तसं त्यांना जाऊ दिलं होतं. चौतीस वर्षांत आपण एवढ्या माणसांना त्यांच्या गावाला पोचवलं आणि आपण कुठं जाऊ शकतो असं त्यातल्या एकालाही वाटू नये, याचा त्यांना फार राग आला. हा राग उतरला नाही.

रात्री त्यांनी हिशोब नव्यानं मांडला. खोली आता एकट्याची, पुरे हजार. रोजचे साडेसोळाशेचे साडेएकवीसशे झाले, आणि तेवढ्याच पैशात एकशेवीस दिवसांचे ब्याण्णव झाले. अठ्ठावीस दिवस नानासोनं खाल्ले. त्यांनी लाओसमधली दोन गावं आणि मलेशिया कापून टाकली. शाई वाळेपर्यंत बघत बसले.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारीच, ते पहिल्या गाडीनं सांगलीला गेले. तिकीट काढणाऱ्या ऑफिसातल्या मुलीनं दोन भाव सांगितले. एक महाग, रद्द केलं तर पैसे परत मिळणारं. दुसरं स्वस्त, एकदा काढलं की काढलं.

“ह्या वयात परत मिळणारं घ्या काका,” ती म्हणाली. “ऐनवेळी नाही जमलं तर?”

“दुसरं द्या.”

“बरोबर कोण आहे?”

“कोन न्हाई.”

तिकिटाचा कागद त्यांनी घडी घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. घरी आल्यावर भाभींनी विचारलं, कुठं गेला होता. पेन्शनच्या कामाला, असं ते म्हणाले. त्यांचा आवाज हलला नाही. एवढी वर्षं त्यांना ही लपवण्याची विद्या आपल्याला येत नाही असंच वाटत होतं. निघायला ऐंशी दिवस होते, आणि सगळ्यांना जमलं तर त्यांनाही जमणार होतं.