गॅरेजातली वखार

मी जन्मभर कोकणातल्या एका शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे परका माणूस दारात येऊन गोड बोलायला लागला की माझ्या मनात पाल चुकचुकते. त्याला माझा इलाज नाही. अठराव्या शतकाचा धडा मला झोपेतून उठवून विचारा. आधी माल ठेवायला जागा मागायची, मग मालाच्या राखणीला पहारा, मग पहाऱ्याला आडोसा म्हणून तट, आणि तटावर तोफ चढली की जमीन ज्याची त्यालाच दम द्यायचा. तिकडे युरोपात इंग्रज-फ्रेंचांचं बिनसलं की इकडे कर्नाटकात तोफा धडधडायच्या. मरायची कोण, तर आमची माणसं.

गेल्या हिवाळ्यात सहा महिन्यांसाठी लेकीकडे अमेरिकेत चँडलरला गेले. ती तिथे चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. घर तिने एकटीने घेतलंय, एकटीच्या नावावर, आणि त्याचा अभिमान तिच्यापेक्षा मलाच जास्त. विमानतळावरून आलो तर हिने गाडी बाहेरच लावली. का गं, गॅरेज आहे ना? तर म्हणे, "आत त्याचं सामान आहे." तो म्हणजे तिच्या ऑफिसातला मित्र. दार वर सरकवून पाहिलं तर छतापर्यंत खोकी, एक सायकल, तंबूच्या काठ्या. पुढच्या दाराबाहेर त्याचे भलेमोठे बूट.

"हे किती दिवस राहणार इथे?"

"अगं फक्त ठेवलंय, आई. त्याचं अपार्टमेंट लहान आहे."

फक्त ठेवलंय! सुरतेत इंग्रजांनीही फक्त ठेवलंच होतं. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. या एवढ्या शिकलेल्या मुलीला कळू नये?

तो पहिल्यांदा भेटायला आला तो त्याच्या आईच्या अंगणातल्या झाडाची संत्री पिशवीभर घेऊन. नजराणा. उंच, लालबुंद, हसरा. स्वयंपाकघरात येऊन माझा मसाल्याचा डबा न्याहाळत बसला. हे काय, ते काय, दगडफूल कुठून आणता, जायपत्री कुठे पिकते? मालाचा उगम विचारतोय, मी मनात म्हटलं. लेकीला तसं बोलून दाखवलं तर ती हसत सुटली. "आई, तो इंग्रज नाहीये गं. त्याचे पूर्वज हॉलंडचे."

डच! म्हणजे लवंगेचा भाव पडू नये म्हणून बेटाबेटांवरची झाडं तोडून काढणारे. मला इंग्रज परवडला असता.

पुढच्या महिन्यात कुत्रा आला. त्याचाच, पण आठवड्यातले चार दिवस आमच्याकडे. दारात आडवा पडून असायचा आणि पोस्टमन दिसला तरी गुरगुरायचा. हा झाला पहारा. मग एका शनिवारी तो ड्रिल घेऊन आला. पुढच्या दारावर कॅमेरा, मागच्या दारावर कॅमेरा, आणि मागच्या सरकत्या काचेच्या दाराच्या खाचेत एक लोखंडी दांडा, म्हणजे बाहेरून दार सरकूच नये. हा झाला तट. लेक शेजारी उभी राहून त्याला स्क्रू देत होती. माझ्या जिवाला घोर लागला. पोरीने घामाचं घर उभं केलं आणि आता हा माणूस एकेक करून त्याच्या किल्ल्या गोळा करतोय, आणि हिला दिसत नाही. मी दोन वेळा विषय काढला. दोन्ही वेळा तिने "आई, प्लीज यार" म्हणून लॅपटॉप उघडला.

एप्रिलमध्ये ऊन असं तापलं की मला राहवेना. एवढं ऊन फुकट जातंय आणि या गावात कुणी एक पापडी वाळत घालत नाही! लेक कामावर गेल्यावर मी साबुदाणा शिजवला, मागच्या अंगणात चादर अंथरली आणि पळीपळीने पापड्या घातल्या. आत-बाहेर करायचं म्हणून दांडा काढला. खरं सांगायचं तर काढताना बरंही वाटलं. काढून तो नेऊन टाकला गॅरेजात, त्याच्याच खोक्यांच्या मागे. म्हटलं, बस शोधत. कुत्रा त्या दिवशी नव्हता. दार सताड उघडं ठेवून मी अंघोळीला गेले.

बाहेर आले तर लेक हॉलच्या मधोमध उभी. पायात बूट तसेच, एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्यात माझं लाटणं.

"दार कुणी उघडलं?"

"मी. पापड्या..."

ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. एवढी मोठी, टीमला कामाला लावणारी मुलगी, लहानपणी तापात रडायची तशी रडत होती. ऑफिसात तिच्या फोनवर कॅमेऱ्याने कळवलं होतं की मागचं दार उघडंय. मला फोन लावला तर मी न्हाणीघरात.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मागच्या उन्हाळ्यात ती एकदा दुपारी जेवायला घरी आली तेव्हा तेच दार उघडं होतं. चोरीला काही गेलं नव्हतं. कुणीतरी आत येऊन फ्रीजमधलं दूध प्यायलं होतं आणि ग्लास सिंकमध्ये ठेवून गेलं होतं. तेव्हापासून हिला घरात पाऊल टाकताना धडकी भरायची. पार्किंगमध्ये गाडीतच जेवून उशिरा घरी यायची.

"खोकी मीच मागितली त्याच्याकडे," ती म्हणाली. "बूटसुद्धा. पुरुषमाणूस राहतो असं दिसावं म्हणून. कुत्रा, कॅमेरे, सगळं मीच, तू दिवसभर घरात एकटी असतेस म्हणून. तो बिचारा म्हणत होता की आधी आईला सांग."

मी इतकी वर्षं मुलांना विचारत आले, युरोपीय इथे का आले? पाच मुद्दे लिहा. त्यांना आत बोलावणाऱ्याला कशाची भीती होती, हा प्रश्न मी एकाही पेपरात घातला नाही.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्याच दिवशी फोन केला होता. तुझ्याकडे मध्यरात्र होती. तू उचलल्या उचलल्या विचारलंस, या वेळी फोन म्हणजे काय गोंधळ घालून बसलीस? कोण आहे तिथे तुझ्याबरोबर? मग मी म्हटलं, चुकून लागला."

तो फोन मला आठवत होता. फोन ठेवल्यावर, ही काहीतरी लपवतेय, असं म्हणत मी पहाटेपर्यंत जागी होते. मी तिच्याजवळ फरशीवर बसले आणि तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. तो चोर सापडला का, पोलिसांना कळवलं का, तोंडाशी पन्नास प्रश्न आले होते. ते गिळले.

"अजून भीती वाटते?"

"तू आल्यापासून नाही," ती म्हणाली. "पण तू जूनमध्ये जाणार ना."