कंदीलवाल्याचा सहावा भाग

आधीच सांगतो, नाव देणार नाही. गाव देतो, तालुका देतो, दुकान कुठे होतं तेही सांगतो, पण माझं नाव नको. इथे लोक आपापले अनुभव लिहितात आणि खाली ‘अंगावर काटा आला’ अशा प्रतिक्रिया येतात. मी ते चहा पीत वाचतो आणि हसतो. मी टीव्ही दुरुस्त करणारा माणूस आहे. पडद्यावर सावली दिसली की मला आधी अँटेना आठवतो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही धड नाही. तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये. लाज वाटते म्हणून लिहितोय...

१९९७ साल. नारायणगावात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. मी मूळचा येडगावचा. घरची शेती थोरला भाऊ बघायचा आणि मी शेतात पाय ठेवला की काहीतरी मोडायचं, म्हणून घरच्यांनीच मला दुकान काढून दिलं. पुढे टीव्ही-रेडिओ रिपेअरिंग, मागे पडद्याआड दोन टीव्ही आणि त्यांना जोडलेले व्हिडिओ गेम. तासावर खेळायला द्यायचो. कॉलेजची पोरं यायची, बाजाराला आलेली माणसं यायची, तमाशाच्या राहुट्यांमधले मॅनेजरसुद्धा यायचे. जत्रेच्या तमाशाची तारीख ठरवायला आलेल्या पावण्यांना तिकडे चहा पाजून बसवायचं आणि स्वतः इथे येऊन बटणं बडवायची!

माझ्याकडे कामाला बुधा होता. आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याचा, पार घाटाच्या कडेचा. आश्रमशाळेत शिकून आयटीआय केलेला, वीस-एकवीस वर्षांचा. मी त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा, म्हणून तो मला भाऊ म्हणायचा. सोल्डरिंग गन धरायला मी त्याला शिकवलं, आणि सहा महिन्यांत तो माझ्यापेक्षा चांगलं सोल्डरिंग करायला लागला. हे मी तेव्हा कधी बोलून दाखवलं नाही.

बुधाला एक नाद होता. चौकटीच्या वहीत गेमच्या स्टेजेस काढायच्या. खेळलेल्या नाही हं, स्वतःच्या मनातल्या. इथे दगड, इथे खड्डा, इथे शत्रू... पेन्सिलीने इतकं नेटकं काढायचा की मी चिडवायचो, “बुधा, तलाठ्याकडं नोकरी धर. गावाचे नकाशे लई झ्याक काढशील.”

आठवडे बाजारात हातगाडीवर जुन्या वायरी आणि मोडके रिमोट विकणारा एक माणूस बसायचा. त्याच्याकडून मी एक पिवळी कॅसेट घेतली — गेमची, मशीनमध्ये वरून खोचतात ती. वर स्टिकर नव्हता. आत ‘कंदीलवाला’ निघाला. हे नाव आमच्या गिऱ्हाइकांनी दिलेलं, खरं नाव परदेशी होतं. हातात कंदील घेतलेला एक बुटका म्हातारा खाणीत खाली खाली उतरत जातो, तेल संपायच्या आत तळ गाठायचा, असा तो गेम. लई गाजलेला. त्याचे तीन भाग होते आणि तिसऱ्याच्या शेवटी कंदील विझतो. पुण्याहून सुटीला येणारा एक कॉलेजचा मुलगा सांगायचा की तिसऱ्या भागानंतर ती कंपनीच बुडाली.

कॅसेट लावली की पडद्यावर तीन ओळी यायच्या. तीन भाग, तीन सालं, शेवटचं १९९१.

पण दुपारी दोन ते चार दुकानाचं शटर अर्धं खाली असायचं. गिऱ्हाईक नसायचं, मी आणि बुधाच. एके दिवशी जेवण झाल्यावर बुधाने कॅसेट लावली आणि मला हाक मारली.

“भाऊ, हिकडं या जरा. ह्यात नऊ हायेत.”

मी जाऊन पाहिलं. नऊ ओळी होत्या. चौथ्यापुढे १९९४, पाचव्यापुढे १९९७... सहाव्यापुढे २००३! मी म्हटलं, छापणाऱ्याची चूक. कॅसेट काढली, फुंकली, पुन्हा लावली. नऊच. तेवढ्यात एक गिऱ्हाईक शटरखालून वाकून आत आलं आणि आमच्या डोळ्यांदेखत तीन ओळी राहिल्या. ते गेलं की परत नऊ.

पुढचा महिनाभर असंच चाललं. आम्ही दोघंच असलो, किंवा दोघांपैकी एकटा कोणी असला, की नऊ. तिसरा माणूस आला की तीन. मी मशीन उघडून पाहिलं, टीव्ही बदलला, दुसऱ्या प्लगला लावून पाहिलं. काही उपयोग नाही.

आणि ते गेम... काय सांगू! चौथ्या भागात म्हातारा खाणीतून वर येतो. विझलेला कंदील तो बाहेर चुलीवर पेटवतो. पाचव्यात त्याची बायको कंदील घेऊन निघते, त्याला शोधायला. चित्रं अशी की माझं ते डबडं ती दाखवूच शकत नव्हतं, हे मला कारागीर म्हणून माहीत होतं. ती कंपनी बुडालीच नाही, भाग काढतच राहिली, असं एक वेगळंच जग त्या कॅसेटमध्ये होतं. सातवा, आठवा, नववा उघडायचे नाहीत, आधी सहावा पूर्ण करा म्हणायचे.

सहाव्यात डोंगर होते. कडा, खाली खोल दरी, भाताची खाचरं, मग दाट झाडांची राई. पहिल्यांदा तो कडा दिसला तेव्हा बुधाच्या हातातला कंट्रोलर थांबला.

“भाऊ, ही आमची वाट हाय.”

“डोंगर सगळे सारखेच दिसतात रे.”

“न्हाई वो. त्या मोठ्या दगडाम्होरं झरा लागतो बघा.”

त्याने म्हाताऱ्याला दगडाच्या पुढे नेला. झरा होता. झऱ्याचं पाणी तेवढं पडद्यावर हलत होतं.

मी त्याला बजावलं होतं की हे कुठे बोलू नकोस. पण पोटात ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने दुकानात सांगितलं, घरी गेल्यावर गावात सांगितलं. दुकानातली पोरं त्याला ‘२००३’ म्हणून हाका मारायला लागली. मी गप्प बसायचो. कधीकधी हसायचोही, त्यांच्याबरोबर.

आषाढात बुधा आवणीला, म्हणजे भातलावणीला, गावी गेला. आठ दिवस. मी एकटा दुपारी सहावा भाग खेळत बसलो आणि पाचव्या दिवशी तो पूर्ण केला. शेवटी करणाऱ्यांची नावं खालून वर सरकायला लागली. सगळी परदेशी, मला वाचताही येईनात. मग एक ओळ आली — इंग्रजीत, पण स्वच्छ.

स्टेजेस आणि नकाशे : बुधा लक्ष्मण, आहुपे.

लक्ष्मण त्याच्या वडिलांचं नाव.

तुम्हाला वाटेल मी घाबरलो. नाही. मी काय केलं ते सांगायलाच हे लिहायला घेतलंय. मी माझं नाव शोधलं. यादी संपेपर्यंत डोळे फाडून बघत होतो. ते नव्हतं. मला वाटलं नजरेतून सुटलं असेल, म्हणून शेवटची स्टेज पुन्हा खेळलो. चार वेळा खेळलो. गन धरायला मी शिकवलं, कॅसेट मी आणली, दुकान माझं — आणि नाव याचं! त्या दिवशी मी जेवलो नाही, सातवा उघडला का तेही पाहिलं नाही.

बुधा परत आला तो आनंदात. पुण्याला कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या कोर्सला त्याचा अर्ज मंजूर झाला होता, वसतिगृहात जागाही मिळाली होती. आल्या आल्या त्याने विचारलं, “भाऊ, सहावा संपिवला का?” मी म्हणालो, वेळच नाही झाला.

चारच दिवसांनी त्याचे वडील आले. आहुप्याहून दिवसाला एकच एसटी, ती पकडून, पुढे दोन गाड्या बदलून. बाजाराचा दिवस, सकाळची वेळ, दुकान भरलेलं. लक्ष्मणबाबा पायरीवर चपला काढून आत आले. पाणी दिलं तर नुसतं ओठाला लावलं.

“भाऊ, पोराला पुण्याला जायचंय,” ते म्हणाले. “माजं काय म्हणनं न्हाई, जाऊ दे. पर ते सांगतंय, टीव्हीत आपलं गाव दिसतं, पुढच्या सालातलं ख्याळ दिसत्यात. गावात लोक म्हणत्यात, ह्याला राईतलं वारं लागलंय. आसं डोकं घिऊन मी त्याला परमुलखात कसा धाडू? तो म्हणतो, तुमीबी बघितलंय. तुमी शिकल्यालं मानूस. तुमी बघितलं म्हणालात तर पोरगं शानं हाय, जाऊ द्या. न्हाई म्हणालात तर मी त्याला घरी नेतो, भगताला दावतो.”

त्यांनी उपरण्याची गाठ सोडली. आत बेलाची पानं होती, भीमाशंकरहून आणलेली. मग माझ्या देव्हाऱ्यातल्या खंडोबाकडे बोट करून म्हणाले, “भंडारा तुमच्याच द्येवाचा घ्या.”

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे बेलभंडार उचलला की प्रश्न मिटला. हातात बेल आणि देवाची हळद घेऊन माणूस खोटं बोलत नाही. भाऊबंदकीतले बांधाचे तंटे त्यावर सुटतात. त्यानंतर कोणी पुरावा मागत नाही, कारण तो मागणं म्हणजे देवावरच शंका घेणं.

सगळं दुकान बघत होतं. कोणीतरी मागून ‘२००३’ म्हणालं आणि खसखस पिकली. बुधा टेबलापाशी उभा होता, स्क्रूड्रायव्हर खिशात, आणि चक्क हसत होता. मला काही विचारायची त्याला गरजच वाटत नव्हती. आता भाऊ सांगतील आणि संपलं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी भंडारा घेतला. बेल घेतला.

“बाबा, त्यात तीनच भाग हायेत,” मी म्हणालो. “मी दुसरं काय पाह्यलं न्हाई.”

का, म्हणून विचारू नका. लोक हसतील म्हणून, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. ती ओळ माझ्या डोळ्यांपुढे होती आणि ती खरी होऊ नये असं मला वाटलं.

बुधाने वाद घातला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही, आपण नक्की काय पाहिलं ते आठवून बघितल्यासारखं. मग खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला, दुकानाच्या माळ्यावर तो राहायचा, तिथून आपली पेटी आणली आणि वडिलांच्या मागोमाग निघून गेला. त्या दुपारी मी शटर खाली ओढून कॅसेट लावली. तीन ओळी. दुसऱ्या दिवशी तीन. पुढे दोन वर्षं मी ती रोज लावत होतो...

खोटा बेलभंडार उचलणाऱ्याचं वाईट होतं म्हणतात. माझं काहीही झालं नाही. लग्न झालं, मुलं झाली, दुकानाची मोबाईल शॉपी झाली. २००३ साल आलं तेव्हा मी नेट कॅफेत जाऊन शोधलं, नंतरही कितीदा शोधलं. ती कंपनी १९९१लाच बंद पडली होती. चौथा भाग कधी निघालाच नाही. कंपनी माझ्या शपथेच्या सहा वर्षं आधीच बुडालेली, मग माझ्या शपथेने काय फरक पडणार होता? असं मी स्वतःला समजावतो. समजावणं दुपारपर्यंत टिकतं.

२००८च्या सुमारास आईला भीमाशंकरला घेऊन गेलो. तिचे गुडघे गेलेले, पायऱ्या उतरवेनात, म्हणून डोली केली. डोली उचलणाऱ्यांत पुढचा बुधा होता. मी ओळखलं नाही, त्यानेच ओळखलं.

“बरं हाय का भाऊ?”

दर्शन घेऊन आईला वर आणून बसवलं आणि आम्ही चहाच्या टपरीशी उभे राहिलो. भातशेती करतो म्हणाला, हिरड्याच्या दिवसांत हिरडा गोळा करतो, यात्रेला डोली. दोन मुली आहेत. मी कसंबसं विचारलं, “माझ्यावर राग नाही ना रे?”

“राग कशापायी?” त्याला खरंच नवल वाटलं. “उलट तुमच्यामुळं सुटलो. मला लई वाटायचं, आपुन दोघांनी बघितलंय. तुमाला शेजारी बसल्यालं बघितलं व्हतं मी. पर तुमी बेलभंडार उचलला. तुमी खोटी आण घेनार न्हाई, हे मला ठावं व्हतं. मंग म्हणलं, आपलंच डोकं फिरल्यालं. दोन सालं भगताचं औषध खाल्लं. वह्याबी जाळल्या. आता बरा हाय, भाऊ. आता काय दिसत न्हाई.”

आई बाकावरून हाक मारत होती. गाडी भरत आली होती. माझ्या तोंडात शब्द आले होते — बुधा, मी पाहिलं. नऊ होते. शेवटी तुझं नाव होतं...

“बरं झालं,” मी म्हणालो.

त्यानंतर आम्ही भेटलो नाही. या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ती कॅसेट कुठून आली, त्या नऊ ओळी कोणी लिहिल्या, आम्हा दोघांनाच का दिसल्या, काही कळलेलं नाही. इथे इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार आहेत, ते काहीतरी तर्क लढवतील. लढवा. पण तुमच्यापैकी कोणी, कुठेही, कधीही कंदीलवाल्याचा चौथा किंवा पुढचा कुठला भाग पाहिला असेल, तर मला कळवू नका. आहुप्याला जा, डोलीवाल्या बुधाचं घर विचारा, आणि त्याला सांगा. माझ्याने होत नाही.