पाय उचलायची सवय

हेल्मेट थेट तोंडावर आलं. पुढचा दात तुटला, ओठ फाटला, रक्त शर्टावर उतरलं. फेकणारा दादा, मालकाचा मुलगा. वयानं माझ्याहून लहान, तरी आम्ही सगळे कामगार त्याला दादाच म्हणायचो.

"कांड्या भरणारीचं पोर तू, माझ्या म्होरं जातोस व्हय रं?"

कांड्या भरणारी माझी आई. कबनूरला, दुसऱ्याच्या यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरायची.

शाहूपुरीत मालकाचं गाड्यांचं शोरूम. मागच्या खोलीत दादासाठी मशीन मांडलेलं. लोखंडी सांगाड्यावर खऱ्या गाडीची सीट, स्टिअरिंग, पेडल, समोर पडद्यावर रेसचा ट्रॅक. दादाला खऱ्या शर्यतीत उतरायचं होतं, त्याचा सराव इथं चालायचा. मी गाड्या धुवायला होतो. पण इचलकरंजीच्या गेम पार्लरमध्ये माझा हात बसलेला, म्हणून मला हे वेगळं काम लागलं. मी एक फेरी मारायची. मशीन ती जपून ठेवायचं. मग पडद्यावर माझी गाडी पुढं पळायची आणि दादा तिचा पाठलाग करायचा. त्या दिवशी ती त्याला सापडली नाही, एवढाच माझा गुन्हा.

मालकांनी रक्त पुसायला कापूस दिला. वर समजावलं, "हळू मारत जा की. पण त्येला कळू द्यायचं न्हाय. एक दिवस तुलाबी खऱ्या गाडीत बसवतो."

त्या एका वाक्यासाठी मी सगळं गिळलं. प्रत्येक वळणाला अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय लवकर उचलायचा. दादा मागून येऊन मला गाठायचा, ओरडायचा, खुशीत माझ्या पाठीत बुक्की घालायचा. आणि मी हसायचो.

मालकांनी शब्द पाळला. माळावरच्या ट्रॅकवर मला खऱ्या गाडीत बसवलं. पुण्याहून कोच आलेले. त्यांना मी पटलो, तर मला शर्यतीत गाडी मिळणार होती. पहिलं वळण आलं आणि पाय आपोआप उचलला गेला. दुसऱ्यालाही तेच. मी पायाला आईबहिणीवरून शिव्या दिल्या, स्वतःच्याच मांडीवर बुक्क्या मारल्या. पाय ऐकेना.

"घाबरतोय हा," कोच म्हणाले.

दादा पोट धरून हसला. "म्हटलं न्हवतं? ह्यांच्या रक्तातच न्हाय."

गाडीतून उतरताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रक्ताचा काही संबंध नव्हता. ज्या मशीनवर दादा जिंकायला शिकत होता, त्याच मशीनवर यांनी माझ्या पायाला हरायला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीनवर बसलो. "हळू," दादानं बजावलं. वळण आलं, पाय सुटू पाहत होता. दात आवळून दाबून धरला. भिंतीत आदळलो. परत मारली, परत आदळलो. मग एक फेरी लागली. पाय जिथं उचलायला हवा तिथंच उचलला, त्याआधी नाही.

दादा पाठलागाला बसला. माझी गाडी दिसेनाशी झाली. त्यानं माझी कॉलर धरली आणि त्याच तुटक्या दातावर ठोसा घातला. मी त्याचं मनगट पिरगाळलं. मुंडी धरून स्टिअरिंगवर आपटली. त्याच्याही नाकातून रक्त आलं. माझ्यासारखंच, लाल.

मालकाच्या माणसांनी लाथा घालून मला रस्त्यावर फेकलं. त्यात माझ्याच डब्यातलं खाणारे होते.

तो दात मी बसवून घेतलेला नाही. आता पार्लरमध्ये जातो, पायाची खोड मोडतोय. त्या ट्रॅकवर मी परत जाणार. दादा असेल तिथं, त्याचा बापही असेल. कुणाच्याही पोरासाठी हा पाय आता उचलणार नाही. आणि कुणी अंगावर हात टाकला, तर तो हात मोडणार.