लिलीचा मूळपुरुष आणि मी

आदल्या संध्याकाळी लिलीने रमीत जोकर लपवला होता. त्याचा जाब विचारायला मी सकाळी नऊलाच चपला घालत होते, तर दारात तिची मुलगी ग्रेस उभी. "आंटी, मम्मी गेली... झोपेतच." यावर माझ्या तोंडून काय निघावं? "अगं, पण डाव अर्धा राहिलाय ना!" सत्तरी ओलांडली तरी अक्कल ही अशी. ग्रेसने मला मिठी मारली म्हणून निभावलं. त्याला आता पाच आठवडे झाले.

मस्कतला अल् घुब्रामधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी मुलाकडे दुसऱ्या मजल्यावर, ती ग्रेसकडे चौथ्यावर. लिफ्टमध्ये पहिल्यांदा भेटली, तेव्हा मी बोटं नाचवत, एकेक शब्द सोडत विचारलं होतं, "यू... फ्रॉम... चायना?" ती म्हणाली, "नाही हो, माझगाव. आणि तुमचा पदर दारात अडकतोय, तो आधी घ्या आत." आजोबा चीनमधून मुंबईला आले आणि लोकांचे दात काढू लागले; वडिलांनी तेच केलं, इथे ग्रेसही तेच करते. लिली मराठीत भांडायची, हिंदीत भाव करायची, पण चिनी अक्षर तिला एकही वाचता येत नव्हतं. वसंतात एक दिवस त्यांच्याकडे पूर्वजांना जेवायला वाढतात. भाऊ परदेशी गेले, ताटं हिच्याकडे राहिली. वडील मूळपुरुषापासून एकेकाला नावाने हाक मारून बसवत. हिला आजोबांपर्यंतची नावं पाठ होती. सगळ्यात वरचं, पहिल्या ताटाचं नाव मात्र विसरलं होतं. "घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला नुसतं 'अहो, शुक् शुक्' म्हणून कसं गं बोलवायचं?" ती म्हणायची. हसत म्हणायची, पण त्या दिवशी तिला जेवण जात नसे.

नावं लिहिलेली चिनी वही मुंबईत तिच्या थोरल्या चुलतभावाकडे होती; वाचता त्यालाही येत नव्हती. २०१३ साली मी सुट्टीला निघाले तेव्हा लिलीच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. तिने मला बजावलं, "पहिली पानं हवीत. म्हातारा एकदाच उघडू देईल." मी तेव्हा सहासष्टची, म्हणजे तरुणच, आणि हातात नवा कोरा स्मार्टफोन. शिवाय तीस वर्षं शाळेत ग्रंथपाल! पुस्तक कसं हाताळायचं हे मला कोण शिकवणार? म्हाताऱ्याने लाल फडक्यातली वही टेबलावर ठेवली आणि तो पेंगू लागला. मी दाखवून दाखवून हात धुतले, वही उघडली, पहिल्या अकरा पानांचे फोटो काढले. वर निघताना त्यालाच वाळवीवर पाच मिनिटं भाषण दिलं... आठवलं की अजून कान गरम होतात.

फोटो वाचून घ्यायला आम्ही दोन तासांवरच्या सोहारला गेलो. माझ्या मुलाच्या ओळखीचा एक चिनी इंजिनिअर तिथल्या कारखान्यात होता. लिलीने पार्लरमध्ये जाऊन केस सेट केले होते, मूळपुरुषाला भेटायचं म्हणून! त्या भल्या माणसाने अकराही फोटो पाहिले, परत पाहिले, मग संकोचून इंग्रजीत सांगितलं, आमची जुनी पुस्तकं उजवीकडून उघडतात. ही शेवटची पानं आहेत. त्यांत लिलीच्या भावांची नावं होती, पुढच्या मुलग्यांसाठी रिकाम्या ओळी होत्या. तिचं नाव नव्हतं. मुलींची लिहीत नाहीत म्हणे. लिली एकदम फुटली, "ग्रंथपाल म्हणे, ग्रंथपाल!" आणि हसत सुटली. मीही हसले. गाडीत बसल्यावर तिने तोंड खिडकीकडे केलं, ते मस्कतजवळचं बरका येईपर्यंत वळवलं नाही... तेव्हा कुठे मी हसायची थांबले.

त्याच संध्याकाळी मुंबईला फोन केला. चुलतभाऊ मुलाकडे कॅनडाला गेला होता, घर रिकामं करताना जुन्या कागदांबरोबर वहीही गेली होती. "खलास," लिली म्हणाली आणि पत्ते पिसायला घेतले. पुन्हा तो विषय तिने काढला नाही. मी मात्र दर वर्षी तो दिवस आला की मुलाला ओढून सकाळीच बाजारात पळायचे आणि अंधार पडल्यावर परतायचे. चौथ्या मजल्यावर त्या पहिल्या ताटासमोर काय होत असेल, ते बघायची हिंमत नव्हती.

या वर्षी ग्रेसने मला पळू दिलं नाही. वर नेलं. टीपॉयवर ताटं मांडलेली... भात, अख्खा मासा, संत्री. तिची दोन्ही मुलं आंघोळ करून उभी. ग्रेसने उदबत्ती लावली आणि शांतपणे म्हणाली, "कुमुदआंटीने ज्यांचं नाव हरवलं ते आजोबा, आधी तुम्ही या. जेवायला बसा."

"हे काय गं?" मी दचकले.

"मम्मी एव्हरी इयर असंच बोलवायची. बोलायची आणि हसायची, खूप. मग जेवायची पोटभर."

मागे मुलांनी अडखळत, पण अगदी मनोभावे, तेच म्हटलं, माझ्या नावासकट. मला हसू फुटलं. म्हटलं, बघा, या बयेने केवढं वसूल केलं! आणि हसतच मी लिलीकडे मान वळवली...

तेवढ्यात ग्रेसने शेवटच्या ताटाला हाक मारली, "मम्मी, ये."