मोठ्या गेटनं बाहेर

आजोबांच्या आजारपणात बाबांवर सुपेला बाजारातल्या तीन सावकारांचं कर्ज चढलं. पगाराच्या दिवशी सावकार बाबांच्या पोलाद कारखान्याच्या मोठ्या गेटवर थांबत आणि कर्जदार कामगार मागच्या गेटनं निसटत.

शेजारचे काका बाबांना म्हणाले, "भाऊ, तुमीबी मागूनच निघा. कावून तोंडाले लागता त्यायच्या?" आईनं विकायला सोन्याच्या बांगड्या काढून ठेवल्या. मी दुर्गच्या कॉलेजात नुकताच जाऊ लागलो होतो, घरातला पहिलाच. मी कॉलेज सोडतो म्हणालो. बाबांनी कोणाचंच ऐकलं नाही.

त्या पगाराला मी धास्तावून मोठ्या गेटबाहेर उभा होतो. बाबा समोरूनच आले. तिघांना चहाच्या टपरीवर एकत्र बसवून म्हणाले, "ब्याज रोको. हर पगार तीनों को बराबर दूँगा, यहीं पे."

"भट्टी पे दिमाग गरम हो गया क्या?" एकानं टोमणा मारला.

"गरम होता तो पीछे से जाता."

इतर कर्जदार पळत होते, हा माणूस आपल्या पायांनी आला होता. तिघांनी आपसात बोलून मान्य केलं.

कर्ज फिटायला पुढं बरीच वर्षं लागली. अशा गोष्टीचा अभिमान वाटावा का, मला नीट सांगता येत नाही. पण पुढच्या पगाराआधी काही कामगार आमच्या क्वार्टरवर आले, सावकारांशी कसं बोलायचं ते विचारायला. मी हातातलं पुस्तक मिटून बाबांच्या शेजारी जाऊन बसलो.