खाटेखालचा राखेचा डबा

खोकल्याची मला किळस नाही. किळस येते ती खोकून निघालेल्या मालाकडे वाकून बघणाऱ्या पाहुण्यांची. आमच्या धाड गावात आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हाती येत नाही. स्वतःच्या घरात उरलेली औषधाची बाटली पिशवीत असतेच.

बाबांच्या छातीत कफ दाटला, तेव्हा डॉक्टरांनी तो पातळ करायचं औषध दिलं. "खोकला येईल. येऊ द्या, कफ बाहेर पडू द्या," म्हणाले. पडला की! खाटेखाली राख घातलेला डबा, त्यात हिरवे-पिवळे, तार सुटणारे गोळे. तो डबा मी नाकाला रुमाल बांधून, हात लांब करून, दरबारात नजराणा न्यावा तसा संडासात न्यायचो.

"नाक काऊन बांधून राह्यला बे?" बाबा ओरडायचे. "तुह्या शेंबडाले म्या कधी नाक मुरडलं का?"

अशात दुसरबीडहून आत्या आली. आधी डब्यात डोकावली, वरण शिजलं का पाहावं तशी. मग पिशवीतून अर्धी बाटली काढली. झाकणाला काळा चिकट थर, थरात मेलेली मुंगी.

"दादा, हे घे. माहा खोकला दोन चमच्यात बंद झाला होता."

बाबा दोन्ही औषधं घेऊ लागले. दुसऱ्या दिवशी खोकला बंद, डबा कोरडा! मी खूश. आत्या गल्लीभर मिरवून आली. पण दुपारी बाबांच्या छातीत चिखल ढवळल्यासारखा आवाज येऊ लागला. बोलता बोलता दम तुटायचा. ओठ काळपट पडले, तसं आम्ही त्यांना जीपमध्ये घालून दवाखाना गाठला.

"माझ्या औषधासोबत आणखी काही घेतलं?"

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. आत्याने पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती दोन बोटांत उचलली.

"हे खोकला दाबणारं. माझ्या औषधाने कफ सुटला, ह्याने खोकला थांबला. मग सुटलेला कफ निघणार कसा? दुसरं काहीही द्यायच्या आधी मला विचारायचं."

"मले वाटलं, दोघं मिळून लवकर बरं करतीन," आत्या पुटपुटली.

बाबांना ऑक्सिजन लावला. संध्याकाळी ते उठून बसले आणि पोटापासून खोकले. राखेचा डबा घरी! आत्याने झटकन घरून आलेल्या माझ्या पोळीच्या डब्याचं झाकण पुढे धरलं.

"निघाला रे, निघाला!"

मीही रुमाल न बांधता वाकून पाहिलं. भयंकर होतं. बाबा मात्र एका दमात पूर्ण वाक्य बोलले, "आता तू बी पाहून राह्यला का बे?"

त्या डब्यात मी पुन्हा पोळी नेली नाही.