मागाहून पडलेलं स्वप्न

कोठी भागातल्या एका कॉलेजात मी अमेरिकेचा इतिहास शिकवते. हैदराबादेतल्या मराठी बाईनं हाच विषय का घ्यावा, असं नातेवाईक अजून विचारतात. मिळाला म्हणून घेतला, दुसरं काय. यादवी युद्धात देश सांभाळणारा, गुलामांच्या मुक्तीवर सही करणारा आणि युद्ध संपतासंपता थिएटरात गोळी लागून मेलेला तो अध्यक्ष दर वर्षी माझ्या वाट्याला येतो. लोक त्याच्यावर लिहायचं थांबतच नाहीत. कुणी त्याला संत केलं, कुणी पक्का राजकारणी. कुणी म्हणालं, गुलामांनी आपल्या बेड्या आपणच तोडल्या, हा मागून आला. पुरावे बरेचसे तेच असतात. विचारणारा बदलतो.

वर्गात मी त्याचा एक फोटो दाखवते. गाल बसलेले, ओठांवर हसू आहेसं वाटतं, आणि कपाळावरून आरपार एक रेघ. बरीच वर्षं लोक समजत होते की हा मरणाच्या चारच दिवस आधीचा फोटो, आणि ती रेघ म्हणजे गोळीची चाहूल. पुढं अभ्यासकांनी तपासलं, तर फोटो बराच आधीचा निघाला. रेघेचं म्हणाल तर फोटोची काच तडकली होती, एवढंच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

यंदा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, चेहरा तो देखो. उनको मालूम था."

एरवी मी फटकारलं असतं, की मेलेल्या माणसाच्या जुन्या फोटोत आपल्याला मरण दिसणारच. पण मी नुसताच पुढचा फोटो लावला. माझ्या धाकट्या भावाचा नामपल्लीच्या प्रदर्शनात काढलेला फोटो घरी हॉलमध्ये लावलाय, आणि त्याच्याकडे बघून आई तेव्हा रोज हेच म्हणायची.

भाऊ गेल्या वर्षी गेला. सकाळी ऑफिसला निघाला आणि मलकपेठेत लॉरीनं त्याच्या गाडीला उडवलं. त्या सकाळी आई स्वयंपाकघरात होती, मी हॉलमध्ये केस विंचरत होते. तो खाली उतरला, मोबाईल राहिला म्हणून पुन्हा वर आला, चार्जरवरून मोबाईल ओढला आणि गेला. मी बघितलं ते एवढंच.

तेराव्याला आई म्हणाली होती, "गडबडीत गेला पोरगा." काही महिन्यांनी ती मोबाईलचं सांगायला लागली. दिवाळी आम्ही केली नाही, पण भेटायला बायका आल्या, तेव्हा तिच्या सांगण्यात तो दोनदा परत आलेला होता, पाय निघत नव्हता म्हणे त्याचा. वर्षश्राद्ध जवळ आलं तसा तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायला लागला. "माझ्याकडं बघत उभा होता, आन् मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. थांब म्हटलं असतं तर थांबला असता." हे सांगून झालं की ती जेवत नसे. मला तिचा राग यायचा आणि तिची भीतीही वाटायची, कारण त्या दाराकडे माझीही नजर जायला लागली होती.

शेवटी एका रविवारी अंबाडी निवडताना मी तिला त्या अध्यक्षाचं स्वप्न सांगितलं. मरणाच्या थोडे दिवस आधी त्याला स्वप्न पडलं म्हणतात. घरात कुणीतरी रडतंय, तो या खोलीतून त्या खोलीत शोधतोय, आणि एका दालनात तिरडी. कोण गेलं विचारल्यावर पहारेकरी सांगतो, अध्यक्ष गेले. पण ही गोष्ट त्याच्या मित्रानं छापली ती कित्येक वर्षांनी. अभ्यासक म्हणतात, साक्षीदार काय बोलला ते मागनं बघा, केव्हा बोलला ते आधी बघा. दुःखात माणसाला मागाहून स्वप्नं पडतात.

आईचा हात थांबला नाही. "त्याच्या बायकोला विचारलं का कुणी?"

"ती काही म्हणाल्याचं माझ्या वाचनात नाही."

"मग? ज्यानं त्यानं आपल्या मापाचा शिवून घेतला त्याला." तिनं देठ बाजूला टाकले. "माझं खोटं आहे म्हणायचंय तुला. तू होतीस ना हॉलमध्ये? सांग मग."

मी सांगितलं. एकदाच आला. मोबाईल घेतला. आतपर्यंत आलाच नाही. त्याला काही माहीत नव्हतं आई, आणि तुला थांबवण्यासारखं काही नव्हतंच.

तिनं लांब श्वास सोडला. मला वाटलं, सुटली बाई. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्याशी काहीच न बोलता गेला."

वर्षानुवर्षं मी पोरांना शिकवत आले की पुराव्यात आपल्या पदरचं काही घालू नये. मी म्हणाले, "येतो म्हणाला ना. कुकरची शिट्टी होत होती, तुला ऐकू गेलं नसेल."

"हौ?"

"हौ."

त्या दिवशी ती पोटभर जेवली. आता ती येणाऱ्याजाणाऱ्याला दोनदा परत आल्याचं सांगत नाही, दारात उभा राहिल्याचंही नाही. येतो म्हणून गेला होता, एवढंच सांगते, शांतपणे. तिची झोप सुधारली आहे.

परवा मामाला फोनवर ती हेच सांगत होती आणि मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत होते. तेवढ्यात मला त्याचा आवाज ऐकू आला. बूट घालताना घाईत बोलायचा तसा, थोडा ओढून, "येतो गं." मी त्या सकाळकडे पुन्हा जाऊन बघितलं, विंचरलेले केस, चार्जरची वायर, दार, सगळं जिथल्या तिथं होतं, आणि त्यात आता हा शब्दही होता. तो खरंच म्हणाला होता का, हे मला आता सांगता येत नाही. आई मात्र त्याबद्दल मलाच विचारते, पुन्हा पुन्हा, आणि मी दर वेळी सांगते, हो, मी ऐकलं.